देवी होण्याआधी

(महिला मंडळे व सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'धर्म, उत्सव आणि बाई' असा छापला आहे. एवढा मोठा विषय तासाभरात मांडायचा म्हटलं तर नुसती विधानं होतील, हाती काही लागणार नाही. म्हणून मी एकाच उत्सवाबद्दल बोलणार आहे. तो आपल्याकडचा नाही, केरळच्या उत्तरेकडच्या कन्नूर आणि कासरगोड जिल्ह्यांतला आहे. त्याचं नाव तेय्यम. तो निवडण्याचं कारण एवढंच, की सल्ला केंद्रात आपल्यासमोर येणाऱ्या बायकांच्या कहाण्या तिथे देवळात सांगितल्या जातात. सांगतो तो पुरुष, आणि ज्यांच्याबद्दल सांगतो त्या बायका आता देवी झालेल्या आहेत.

आधी तेय्यम म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. 'दैवम्' या शब्दावरून तेय्यम झालं, असं मानतात. ऑक्टोबरच्या अखेरीला, मल्याळी तुलाम महिन्याच्या दहा तारखेपासून हंगाम सुरू होतो आणि पावसाळा येईपर्यंत चालतो. गावोगावी 'कावू' असतात. आपल्या देवराईसारखी झाडी आणि तिच्यात छोटं देऊळ. काही मोठ्या घराण्यांच्या अंगणातही तेय्यम होतं. ठरलेल्या रात्री चेंडा वाजू लागतात, नारळाच्या झावळ्यांच्या चुडी पेटतात आणि देव माणसांत येतो. अशी तेय्यमं चारशेच्या आसपास आहेत असं सांगतात. पोट्टन, गुळिकन यांसारख्या तेय्यमांना पोफळीच्या विरीचा रंगवलेला मुखवटा असतो. बाकीच्यांचा चेहराच मुखवट्यासारखा रंगवतात. नाचणारा जमिनीवर आडवा पडतो आणि दुसरा कलाकार काडीने तासन्‌तास त्याच्या चेहऱ्यावर लाल-काळ्या रेषा काढत बसतो. मग लाल वस्त्रं, पायात चाळ, डोक्यावर कधी कधी माणसाहून उंच मुकुट. देवीचं तेय्यम असेल तर छातीवर बाईचे स्तनही बांधतात. शेवटी त्याच्या हाती आरसा देतात. आरशात तो स्वतःला न पाहता देवीला पाहतो, आणि त्या क्षणापासून तो देवी. तो 'मी' म्हणतो तेव्हा देवी बोलत असते. म्हातारे पुरुष त्याला आई म्हणून हात जोडतात.

आपल्याला हे अगदीच परकं नाही. मोखाडा-जव्हारकडच्या मैत्रिणी इथे बसल्या आहेत, त्यांच्याकडे बोहाडा होतो. संबळ-पिपाणीच्या तालावर मुखवटे घालून रात्र रात्र सोंगं नाचतात आणि देवीचं सोंगही परंपरेने पुरुषच घेतो. पोतराज घागरा नेसून देवीच्या नावाने अंगावर आसूड ओढतो. देवी व्हायला पुरुष चालतो, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचं नवल वाटत नाही.

आता तिथल्या दोन देवींच्या कथा सांगते.

पहिली मुच्चिलोट भगवती. ही मुळात तळिपरंबकडच्या ब्राह्मण घरातली मुलगी, शास्त्र शिकलेली आणि वादात हुशार. पंडितांच्या सभेत तिला विचारलं गेलं की सगळ्यांत मोठा रस कोणता. ती म्हणाली, काम. सगळ्यांत मोठी वेदना कोणती? ती म्हणाली, बाळंतपणाची. पंडितांनी लगेच मुद्दा पकडला. कुमारिकेला हे दोन्ही कसं ठाऊक? म्हणजे मुलगी बाटलेली आहे. तिला वाळीत टाकलं, गावाबाहेर काढलं. तिने अग्नी पेटवला. वाटेने एक तेली देवळात तेल घेऊन चालला होता. तिने त्याला तेल आगीत ओतायला सांगितलं आणि ती जळून गेली. पुढे ती त्या तेल्याच्याच घरी, विहिरीत दिसली. तेव्हापासून ती त्या भागातल्या वाणियन, म्हणजे तेली समाजाची कुलदेवी आहे. शंभराहून जास्त कावू तिच्या नावाचे आहेत, करिवेळ्ळूरचा त्यांत मुख्य. बारा वर्षांनी किंवा त्याहून जास्त काळाने तिचा मोठा उत्सव होतो, त्याला पेरुंकळियाट्टम म्हणतात. त्यात हजारो माणसं जेवतात.

या कथेत तिच्या उत्तरांत कुणालाच चूक काढता आली नाही, हे लक्षात घ्या. उत्तर बरोबर होतं, पण ते बाईच्या तोंडून आलं होतं. वादात हरलेल्या पुरुषांनी वाद सोडला आणि चारित्र्य धरलं. पंचायतीत निवडून आलेल्या आपल्या बायकांनी हिशेब विचारला की दुसऱ्या दिवशी गावात काय बोललं जातं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरी माक्कम. कुञ्ञिमंगलम गावच्या कडांगोट या नंबियार घराण्यातली. बारा भावांच्या पाठीवर नवसाने झालेली एकुलती बहीण. या समाजात तेव्हा मातृवंशीय पद्धत होती. घराण्याचा वंश लेकीच्या पोटी पुढे जायचा आणि वारसा बहिणीच्या मुलांकडे यायचा. तिला चात्तू आणि चीरू ही जुळी मुलं झाली. भावजयांना ती डोळ्यांत खुपत होती. एके दिवशी तेली तेल घेऊन आला. घरात दुसरं कुणी नव्हतं आणि माक्कम पाळीमुळे बाहेर बसलेली. तिला भांड्याला हात लावता येईना, म्हणून ती म्हणाली की तूच आत नेऊन ठेव. तो आतून बाहेर येताना भावजयांनी पाहिलं. आळ आला. भावांनी चौकशी केली नाही. उत्सवाला जाऊ म्हणून बहिणीला मुलांसकट बरोबर नेलं. वाटेत एका विहिरीपाशी थांबून म्हणाले, बघ, आत भरदुपारी तारा दिसतोय. ती वाकली आणि त्यांनी तलवार चालवली. मुलांनाही मारलं. सगळ्यांत धाकटा भाऊ तेवढा यात नव्हता. पुढे ते घराणं नासलं आणि माक्कम देवी झाली. आजही तिचं तेय्यम तिच्या मुलांसह होतं.

कथा भावजयांना दोष देते. 'बाईच बाईची शत्रू' हे वाक्य तिथेही तयार आहे. पण मी ऐकताना मला वारसा दिसत होता. एका बहिणीच्या पोटी सगळ्या घराण्याचं पुढचं सगळं. मुलांना मारण्याचं कारण चारित्र्य कसं असेल? आळ बहिणीवर होता, मुलांवर नव्हता. हे माझं वाचन आहे, तिथले भाविक तसं सांगत नाहीत. पण आपल्याकडे 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली देशाच्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हक्क दिला, त्यानंतर तलाठ्याकडे हक्कसोड पत्रांवर किती बहिणींच्या सह्या-अंगठे झाले, हे तुम्ही पाहिलं आहे. सही न करणाऱ्या बहिणीचं माहेर कसं तुटतं, तेही. माक्कमची कथा फार जुन्या काळातली आहे असं मला वाटत नाही.

अशा आणखी आहेत. तोट्टिन्‌करा भगवती ही तिय्या जातीतली, रामायण वाचणारी बाई. तेवढ्यासाठी राजाच्या हुकमाने तिचा छळ करून तिला मारलं, असं तिची कथा सांगते. शिकलेली, वारसा असलेली, वाचणारी. बायका कशामुळे मारल्या गेल्या, त्याची ही यादी आहे.

दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीबरोबर मी कन्नूर भागात तेय्यम पाहायला गेले होते. रात्रभर बायकांच्या घोळक्यात बसले होते. मला भाषा येत नव्हती, ती सांगत होती तेवढं कळत होतं. पहाटे नाच संपल्यावर देवी एका पिढ्यावर बसली आणि लोक रांगेने तिच्यापुढे गेले. तेव्हा मी नीट पाहिलं. रांगेत बायका खूप होत्या. देवी प्रत्येकीचा हात हातात घेऊन, चेहरा जवळ नेऊन हळू आवाजात बोलत होती. कुणी मुलाच्या आजाराबद्दल, कुणी आखातात गेलेल्या नवऱ्याबद्दल. काहीजणी नुसत्याच रडत होत्या. परक्या पुरुषाने असा हात धरलेला एरवी कुठल्या गावात चालला असता? पण तो पुरुष नव्हता, ती होती. ज्या बाईवर आळ आला तिच्यापुढे आपलं दुःख बोलायला त्या आल्या होत्या. आमच्या सल्ला केंद्रात बाई तिसऱ्या खेपेला तोंड उघडते. तिथे दोन मिनिटांत बोलतात.

हे मी कौतुकाने सांगते आहे, पण मला तिथे थांबायचं नाही. मला तीन प्रश्न पडले, ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिला प्रश्न, जळालेल्या बाईची देवी करणं आपण कसं स्वीकारायचं? आपल्या चळवळीला 1987 सालचं देवराला आठवतं. 4 सप्टेंबरला अठरा वर्षांची रूपकंवर नवऱ्याच्या चितेवर जळाली. तेराव्याला चुनरीच्या कार्यक्रमाला लाखोंची गर्दी जमली. देशभरच्या स्त्री संघटना तेव्हा रस्त्यावर आल्या, त्याच वर्षी सतीप्रतिबंधक कायदा झाला आणि सतीचं उदात्तीकरण हाही गुन्हा ठरला. त्या उदात्तीकरणाच्या खटल्यातले आठ आरोपी 2024 च्या ऑक्टोबरमध्ये जयपूरच्या विशेष न्यायालयाने सोडून दिले. सदतीस वर्षांनी. मग मुच्चिलोटपुढे हात जोडणाऱ्यांना आपण काय म्हणणार?

मला फरक असा दिसतो. देवरालात बाईची देवी केली ती नवऱ्यामागे गेली म्हणून. तिचं बोलणं कुणी सांगत नाही, तिचा मृत्यू हेच तिचं कर्तृत्व. मुच्चिलोटची पूजा होते तेव्हा तिने काय उत्तर दिलं आणि तिला कुणी बाहेर काढलं, हे आधी गाऊन सांगावं लागतं. त्या गाण्यांना तोट्टम म्हणतात. तोट्टम झाल्याशिवाय देवी येत नाही. म्हणजे आरोप, सभा, अन्याय यांची उजळणी हाच पूजेचा भाग आहे. माक्कमचंही तसंच. घराण्याच्या भावांनीच बहिणीला मारलं, हे सगळ्या गावासमोर बोललं जातं. आपल्या घरांत विहिरीत सापडलेल्या सुनेबद्दल काय सांगतात? पाय घसरला. आणि पुढच्या पिढीला तेही सांगत नाहीत, फोटोसुद्धा भिंतीवरून उतरवतात. नाव घेऊन, कुणी केलं ते सांगून आठवण ठेवणं ही गोष्ट तिथून शिकण्यासारखी आहे.

तरीही एक धोका उरतोच. देवी झाली की हिशेब मिटतो. पंडितांना शिक्षा कोणी केली? देवीच्या कोपाने घराणं नासलं म्हणायचं आणि माणसांच्या न्यायाची गोष्ट तिथेच संपवायची. 1983 साली 498-अ कलम आलं. 1 जुलै 2024 पासून तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या 85 आणि 86 कलमांत आहे. 2005 साली घरगुती हिंसाचारविरोधी कायदा आला. हे कायदे बाई जिवंत असताना तिचं ऐकावं म्हणून आपण भांडून मिळवले आहेत. मेलेल्या बाईचं ऐकायला समाज नेहमीच तयार असतो, कारण तिला आता वाटा द्यावा लागत नाही.

दुसरा प्रश्न, हा आवाज पुरुषाच्या अंगातून का यावा? इथे घाई करू नये असं मला वाटतं, कारण हा पुरुष कोण ते आधी पाहावं लागेल. तेय्यम करणारे वण्णान, मलयन, वेलन, पुलयन, माविलन अशा समाजांतले असतात. हे समाज आज अनुसूचित जाती-जमातींत येतात. त्या त्या भागात तेय्यम करण्याचा हक्क घराण्यांना वाटून दिलेला असतो, त्याला चेरुजन्म म्हणतात. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जायचा, त्याच्या पायाशी त्या रात्री वरच्या जातीचे लोक वाकतात. पोट्टन तेय्यमची तर कथाच अशी, की वाटेत आडवा आलेला अस्पृश्य शंकराचार्यांना विचारतो, तुझ्यामाझ्यात फरक काय? पण सकाळी रंग पुसला की तो पुन्हा आपल्या जातीत. जळत्या निखाऱ्यांवर पडणं, पेटत्या चुडी कमरेला बांधून नाचणं, मणाचा मुकुट पेलणं यांनी शरीरं मोडतात. तेव्हा 'पुरुषांना मान आहे, बायकांनाही द्या' असं म्हणण्याआधी तो मान किती आणि वेठ किती, हे विचारायला हवं.

आणि मग त्या घरांतल्या बायका. मलयन बायका परंपरेने सुइणीचं काम करत. वण्णान बायका धुतलेलं वस्त्र द्यायच्या. वरच्या जातीच्या बाईला पाळीनंतर, बाळंतपणानंतर शुद्ध व्हायला वण्णाथीने दिलेलंच वस्त्र लागायचं. म्हणजे पाहा, नवऱ्याने देवी व्हायचं आणि बायकोने दुसऱ्यांचा विटाळ फेडायचा. 'सगळ्यांत मोठी वेदना बाळंतपणाची' हे त्या ब्राह्मण मुलीने सभेत सांगितलं, पण ते हातांनी ठाऊक असलेली सुईण त्या सभेच्या आसपासही फिरकू शकली नसती. तिच्या नावाने कोण नाचतं? आपण स्त्रियांच्या हक्काचं बोलतो तेव्हा या दोघींपैकी कोणाचं बोलतो, हे प्रत्येक वेळी तपासायला हवं.

तेय्यम बाईला जमणारच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. कारण एक तेय्यम बाईच करते. कन्नूर जिल्ह्यातल्या तेक्कुंबाड बेटावरच्या तायक्कावूत दर दोन वर्षांनी देवकूत्त होतं. फुलं वेचायला उतरलेली आणि बेटावर एकटी मागे राहिलेली एक देवलोकीची स्त्री, तिची कथा. ते मलयन समाजातली बाई एक्केचाळीस दिवसांचं व्रत करून सादर करते. परंपरेतच हे दार आहे. तिकडे बंगालात पुरुलियाचा छऊ हा मोठे मुखवटे घालून उड्या मारत करायचा नाच, दुर्गेचा मुखवटाही पुरुषच घालायचे. आता तिथे मुलींची पथकं नाचू लागली आहेत. मुखवट्याच्या आत कोण आहे यावर महिषासुराचं मरण अवलंबून नव्हतं, हे लोकांना दिसलं.

माझं मत विचाराल, तर मागणी कुणी करायची हे महत्त्वाचं. शनि शिंगणापूरला 2016 साली चौथऱ्यावर जाण्याचा हक्क बायकांनी मागितला. 1 एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने बायकांना देवळात जाण्याचा हक्क आहे हे स्पष्ट केलं आणि 8 एप्रिलला बायका वर गेल्या. शबरीमलाचा निकाल 28 सप्टेंबर 2018 चा. त्यानंतर 1 जानेवारी 2019 ला कासरगोडपासून तिरुवनंतपुरमपर्यंत, सुमारे 620 किलोमीटर, बायका हातात हात घालून उभ्या राहिल्या. ती साखळी तेय्यमच्याच मुलखातून सुरू झाली. तो हक्क भाविक म्हणून आत जाण्याचा होता, तो सगळ्यांचा आहे. तेय्यम नाचण्याचा प्रश्न वेगळा. तो वण्णान, मलयन घरांतल्या मुलींचा. त्यांना नाचायचं असेल तर आपण त्यांच्या मागे उभं राहायचं. त्यांना त्या वेठीतून सुटून शिकायचं, नोकरी करायची असेल तरी त्यांच्याच मागे उभं राहायचं. '"आमची परंपरा" टिकवा' असं त्यांना सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तिसरा प्रश्न थेट आपल्याकडचा आहे. तिथे देवी पुरुषाच्या अंगात येते. आपल्याकडे ती बऱ्याचदा बाईच्याच अंगात येते. आपण काय म्हणतो? अंधश्रद्धा. बरोबर आहे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आपणही मोर्चे काढले आणि अंगात आणून लोकांना लुबाडणाऱ्यांना त्याचा धाक हवाच. पण वर्षभर खाली मान घालून राहणारी बाई जत्रेत केस सोडून घुमते, सासूला एकेरीत हाक मारते, नवऱ्याला दारू सोड म्हणून दरडावते आणि तो हात जोडून ऐकतो, तेव्हा ती काय बोलते आहे ते आपण कधी लिहून घेतलं का? तिथल्या तोट्टममध्ये पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं तेच बोलणं आपल्या जत्रेत वाऱ्यावर जातं. देवीच्या नावाने तिने जे मागितलं ते तिला स्वतःच्या नावाने, शुद्धीत, खुर्चीवर बसून मागता यावं, हे आपलं काम. त्यासाठी आधी तिचं मागणं काय आहे ते ऐकावं लागेल. नुसतं 'हे थोतांड आहे' म्हटलं तर ती गप्प बसेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा घुमेल.

म्हणून एक प्रत्यक्ष सूचना करते आणि थांबते. आपापल्या गावातल्या साती आसरा, विहिरीकाठचे शेंदूर फासलेले दगड, सतीच्या शिळा, कुळात पुजली जाणारी 'जुनी बाई', यांच्या कथा जमवू. कोण होती, कुणाची लेक, कशाने गेली, आळ काय होता, जमीन कुणाकडे गेली. म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यांना ठाऊक असतं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने निदान एक कथा लिहून आणावी. सांगणारीची परवानगी घ्या आणि हयात माणसांची नावं लिहू नका.

आणि त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूला आज आपल्या केंद्रात येणाऱ्या बायकांच्या नोंदी असतील. दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचू. ज्या बाईवर आज आळ आहे, जिच्याकडून हक्कसोड मागितली जाते आहे, जिने ग्रामसभेत उत्तर दिलं म्हणून जिची बदनामी चालू आहे, तिची नोंद पहिल्या बाजूला जाऊ नये, एवढं आपल्याला करायचं आहे. तिला देवी व्हायचं नाही. तिला घरात राहायचं आहे, आपल्या नावावरच्या घरात.

यावर आता तुम्ही बोला. ज्यांना माझं पटलं नसेल त्यांनी आधी बोलावं.